सीट अडतीस

अमरावती
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय शालूआत्या,
सप्रेम जय भीम.

तुला फोन करण्यात अर्थ नाही, हे बाबांनी परवा पुन्हा बजावलं. "तिचा डावा कान गेला, उजवा जायच्या बेतात हाये, अन कानाचं मशीन घे म्हटलं तं म्हंते मले शिलाईचं एकच मशीन पुरते." म्हणून हे पत्र. मेसेज केला असता, पण तुझा फोन दीपमालाच्या हातात असतो. तिच्या लग्नाची खरेदी चालू असताना माझ्या कामाच्या गोष्टी कोण वाचणार?

मी काय करते हे तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी "पेशींवर काम करते" म्हणून निसटते. आज नीट सांगते, कारण मला तुझ्याकडून काहीतरी हवं आहे.

माणसाच्या अंगावर चरबी कुठे धरते आणि कुठे धरत नाही, हा माझा विषय. खाल्लं ते अंगी लागतं, असं सगळे म्हणतात. पण कुठल्या अंगी? एकाच ताटात जेवणाऱ्या दोन बहिणी. एकीचं पोट सुटतं, दुसरीच्या मांड्या भरतात. आमच्याकडे ऑपरेशनला आलेल्या बायकांना विचारून, त्यांची सही घेऊन, पोटाची आणि मांडीची चिमूटभर चरबी येते. तिच्यात कच्च्या पेशी असतात, अजून भरायच्या राहिलेल्या. शरीर त्यांना निरोप धाडत असतं: वाढा, थांबा, आता चरबी साठवायला लागा. निरोप नेणाऱ्या ह्या पदार्थांना आम्ही ग्रोथ फॅक्टर म्हणतो. पेशीच्या अंगावर तो निरोप घ्यायची जागा असते. तिथं तो बसला की आत एकाकडून दुसऱ्याकडे खबर जात जात थेट गाभ्यापर्यंत पोचते.

आणि गंमत बघ. पोटाच्या आणि मांडीच्या पेशी मी दोन बश्यांत वाढवते. खाणं तेच, निरोप तोच, तरी दोघी वागतात आपापल्या रीतीनं. कित्येक आठवडे शरीराबाहेर राहूनही मांडीची पेशी आपण मांडीची आहोत हे विसरत नाही. आई पंचवीस वर्षं अमरावतीत राहते, पण भाजीत तिखट अजून मूर्तिजापूरच्या हातानं टाकते, तसंच.

आता माझी मागणी. १९९१ पासून तू मापाच्या वह्या ठेवल्यास. त्याच त्या बायका वीस-तीस वर्षं तुझ्याकडे येतात. कुणाचं काय वाढलं आणि कधी वाढलं, हे तुझ्याइतकं आकोल्यात कुणाकडे लिहिलेलं नसेल. नावं नकोत, आकडे दे. आमचे सर हसले, पण नाही म्हणाले नाहीत. मी त्यांना सांगितलं, माझी आत्या सुतानंही चुकत नाही.

तुझी,
दीक्षा


अकोला
११ नोव्हेंबर २०२४

चि. दीक्षा,
तुला अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आणि बश्यांत मांड्या वाढवणारी भाची आमच्या घरात निपजली म्हणून दुपारचा चहा जास्तीचा घेतला. आम्ही जन्मभर बायकांचे घेर मोजले, आम्हाला कुणी डॉक्टर म्हणालं नाही.

चार वह्या तुझ्या बाबांबरोबर, संघपालदादाबरोबर, पाठवते आहे. नावांवर कागद चिकटवले आहेत, फक्त आपल्या घरच्यांची पानं उघडी ठेवली. कागद सोलून बघू नकोस. बाई डॉक्टरशी खोटं बोलेल, नवऱ्याशी तर बोलतेच, पण माझ्या टेपपुढे तिला गप्प उभं राहावं लागतं. तो विश्वास आहे. कृषी विद्यापीठाच्या कॉलनीतल्या एक बाई बदली होऊन परभणीला गेल्या, तरी ब्लाउज माझ्याकडूनच नेतात, कारण त्यांची कंबर परभणीत कुणाला कळायला नको आहे.

वाचायची रीत सांगते. पहिला आकडा छाती, मग कंबर, मग सीट, मग दंडाचा घेर, मग गळा. सीट म्हणजे बसायची जागा, तुझी मी इथे लिहीत नाही.

दीपमाला मजेत आहे. तलाठ्याची नोकरी म्हणजे दिवसभर शेताशेतांतून पायपीट. लग्न १६ फेब्रुवारीला धरलं. अश्विन मुलगा चांगला आहे, अंजनगाव सुर्जीच्या शाळेत मास्तर आहे, बोलतो कमी. पोरगी वाळू नये म्हणून मी रोज सकाळी डिंकाचे दोन लाडू देते, गावरान तुपातले, वर वाटीभर दूध. हिची आई, आपली जाई, गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती. तिच्या बापानं दुसरं घर केलं आणि हिला माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. जाई शेवटी वाळून वाळून गेली, तुला आठवत असेल. हिच्या बाबतीत मी तशी वेळ येऊ देणार नाही.

एक विचारायचं होतं. तुमच्या त्या निरोपांत एखादा असा आहे का, की जो दिला म्हणजे चरबी पायांकडे जाते? सहज विचारलं.

तुझी आत्या,
शालू


अमरावती
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,
जय भीम.

तुझ्या वह्यांनी माझी झोप उडवली आहे. आमची पिंकी, म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी, आणि मी मिळून अकराशे चाळीस बायका उतरवून घेतल्या. काय सुंदर दिसतं ते! चाळिशीपर्यंत सीट भरते, कंबर जागची हलत नाही. पाळी जाते त्या सुमारास कंबर पुढे निघते आणि सीट मागे राहते. पुस्तकात वाचलेलं आकोल्याच्या शिंपीणबाईच्या निळ्या शाईत बघायला मिळालं.

पायांकडे चरबी पाठवणारा निरोप अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. लागला तर पहिला तुला कळवीन. पण एक सांगते, मांड्यांची आणि सीटची चरबी ही वाईट गोष्ट नाही. ती कोठी आहे. जास्तीचं तूप-तेल तिथं बिनबोभाट पडून राहतं. (म्हणजे माझ्या सीटबद्दल जे तू लिहिलं नाहीस, ते माझं वैभव आहे.) ज्यांच्या अंगात ही कोठीच बनत नाही, त्यांचे हाल होतात. असा एक आजार आहे, विरळा आहे, पण घराण्यात उतरतो. मुलगी वयात येताना बाकीच्या भरतात आणि हिचे हातपाय मात्र सुकत जातात, पोटऱ्यांवर शिरा दिसतात, आणि मान, हनुवटी तेवढी जड होते. लोक म्हणतात, बारीक आहे, खायला घाला. खाल्लेलं तूप ठेवायला जागा नसते, म्हणून ते रक्तात आणि काळजात उतरतं. मग साखर वाढते, आणि एखाद्या दिवशी पोटात असं दुखतं की माणूस हातचं जातं.

खरं सांगू? हे सगळं मी वर्षभर वाचते आहे आणि मनात एक भीती धरून बसले होते. भागीरथाआजी एक्कावन्नाव्या वर्षी गेली, जाईआत्या चौतिसाव्या. दोघी पोटात दुखून. म्हणून तुझ्या वह्या आल्या तशी आधी आपल्या घरची पानं काढली.

जाईआत्या, लग्नाच्या वेळी : सीट सदतीस. दीपमाला, गेल्या दिवाळीत : कंबर एकोणतीस, सीट अडतीस.

माझा जीव भांड्यात पडला! अडतीस म्हणजे कोठी शाबूत. आकड्याइतकं खरं दुसरं काही नाही, आत्या. दीपमालाला तो आजार असणं शक्य नाही, हे मी तुला छातीठोक सांगते. लाडू खुशाल चालू ठेव, आणि चार माझ्यासाठीही ठेव.

तुझी,
दीक्षा


अकोला
२ डिसेंबर २०२४

चि. दीक्षा,
जय भीम.

पत्र पोचलं. दुकानात लग्नसराईचं काम आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

माझं एक गिऱ्हाईक आहे. सव्वीस-सत्तावीसची मुलगी. तू लिहिलंस तसंच आहे. तेराव्या वर्षापासून पाय सुकले. पोटऱ्या पहिलवानासारख्या, शिरा दिसतात. हनुवटीखाली मात्र भरलेली, म्हणून ती ओढणी गळ्याला गुंडाळून घेते. सीट खरं म्हटलं तर तेहतीस. दिसायला छान आहे, कामाला वाघ आहे, कधी आजारी पडत नाही. मग तिला काही असेल का? असेल तर औषध काय? आणि लग्न जमलेलं असेल तर सांगावं का?

तिच्या घरचे भोळे आहेत, घाबरतील. म्हणून मी विचारते.

शालूआत्या


अमरावती
७ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
जय भीम.

तुझ्या ह्या गिऱ्हाइकाला आजच्या आज गाठ. दुकान एक दिवस बंद राहिलं तरी चालेल.

"कधी आजारी पडत नाही" ह्यावर जाऊ नकोस, हा आजार आतल्या आत चालतो. तिला उपाशीपोटी रक्त तपासायला सांग, साखर आणि रक्तातली चरबी दोन्ही. तपासणी होईपर्यंत तूप, तेल, लोणी, मेवा, लाडू सगळं बंद. भाकरी, बिनफोडणीचं वरण, भाजी. पोटाच्या वरच्या बाजूला दुखायला लागलं आणि ते पाठीत निघालं, तर ॲसिडिटी म्हणून घरी बसायचं नाही, तडक दवाखाना. सोबत वेगळा कागद जोडला आहे. त्यावर डॉक्टरांसाठी सगळं लिहिलं आहे, कशाची शंका आहे, काय तपासायचं, माझा नंबर. तो तिच्या पर्समध्ये ठेवायला सांग.

घरात आणखी कुणी पोटदुखीनं गेलं का, तेही विचार. आणि तिला हे नक्की सांग, की ह्यात तिचा काही दोष नाही. तिनं कमी खाल्लं नाही, कुणी तिला कमी घातलं नाही. हातापायांच्या कच्च्या पेशींना भरण्याचा निरोप मिळूनही तो तडीला जात नाही, जन्मतःच कुठेतरी दोर तुटलेला असतो. गेलेली चरबी परत आणता येत नाही, पण बाकी सगळं सांभाळता येतं. अशा बायका नोकऱ्या करतात, संसार करतात, म्हाताऱ्या होतात. ज्यांना कळतं त्या होतात.

लग्नाचं विचारलंस. ते सांगायचं की नाही हे त्या मुलीनं ठरवायचं, तू नाही आणि तिच्या घरच्यांनीही नाही. पण ठरवायला आधी तिला स्वतःला माहीत तर हवं!

भेटलीस की कळव. मी वाट पाहते आहे.

दीक्षा


अकोला
८ जानेवारी २०२५

चि. दीक्षा,
जय भीम.

महिना झाला, तुला उत्तर लिहिलं नाही. तू दवाखान्यात येऊन तीन दिवस राहून गेलीस, एका शब्दानं बोलली नाहीस. दीपमालाला दवाखान्याच्या झग्यात पाहिलंस, तिचे पाय पाहिलेस, मग माझ्याकडे पाहिलंस आणि बाहेर जाऊन संत्री घेऊन आलीस. माणसं होती, म्हणून मलाही बोलता आलं नाही. आता लिहिते.

गिऱ्हाईक कोण होतं ते तुला कळलंच आहे. आकड्याचं कळलं नसेल. ते सांगते.

शिंपी दोन मापं घेतो, एक अंगाचं आणि एक तयार कपड्याचं. बाकीच्यांचं मी अंगाचं लिहिते. पण जिच्या कपड्यात आतून काही घालायचं असतं तिचं मी तयार कपड्याचं लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी तसंच बेतता येतं आणि वही कुणाच्या हाती लागली तर बाईचं झाकलेलं राहतं. जाईला पाहायला मूर्तिजापूरचे लोक यायचे होते तेव्हा मी पहिल्यांदा हे केलं. परकराला अस्तराच्या दोन घड्या आणि मध्ये पिंजलेला कापूस. सोयरीक जमली. मी एकवीस-बावीस वर्षांची कारागीर, मला वाटलं मी बहिणीचं कल्याण केलं.

दीपमाला तेरा वर्षांची असताना शाळेतून रडत आली. पोरी तिला "काडी पैलवान" म्हणायच्या. तेव्हापासून तिच्या प्रत्येक ड्रेसमध्ये माझा कापूस आहे. गेल्या वर्षी दादाच्या निरोप समारंभात तू म्हणालीस, "दीपमाला, तुझी फिगर पाहून मला जळायला होतं." ती माझ्या हाताची करामत होती, पोरी. अडतीसमध्ये पाच इंच आकोल्याचा कापूस आहे.

तुझं अडतीसवालं पत्र आलं तेव्हा मी ओट्यावर बसून राहिले. वर तू आजार लिहिलास तो शब्दन्‌शब्द तिचा होता, जाईचा होता, आमच्या मायचा होता. आणि खाली तू छातीठोक लिहिलंस की तिला तो नाही, कारण माझी वही तसं म्हणते.

तरी मी खरं लिहिलं नाही, गिऱ्हाईक केलं. तुझं दुसरं पत्र आलं, लाडू बंद केले. दीपमाला म्हणाली, "माय, काहून बंद केले? तूप संपलं काय?" मी हो म्हटलं. तुझा कागद ब्लाउजच्या आत ठेवला. म्हटलं लग्न होऊन जाऊ दे, मग सगळ्या तपासण्या करू. दोन महिने तर आहेत.

पण नवरीला कुणी घरी बसू देतं का? गडगनेराची बोलावणी सुरू झाली. आज ह्यांच्याकडे केळवण, उद्या त्यांच्याकडे. वाटीभर तूप पानात घातल्याशिवाय कुणाचं मन भरत नाही, आणि नवरीनं नाही म्हटलं तर पानाचा अपमान. मला माहीत होतं, आणि मी समोर बसून ती खाताना पाहत होते, कारण नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. एका आठवड्यात चार झाली. चौथं शेजारच्या मैनाबाईंकडे, रोडगे आणि तूप. त्या संध्याकाळी ती दुकानात आली ती पोट धरून.

"माय, लय दुखून राहिलं व. पाठीतून निघून राहिलं."

जाई हेच बोलली होती. हेच शब्द, ह्याच उंबऱ्यावर. तेव्हा आम्ही ओवा दिला होता.

मी ऑटो थांबवला. दवाखान्यात एकानं पोट दाबून पाहिलं आणि गॅस आहे म्हणाला, इंजेक्शन लिहायला लागला. मला तो काय म्हणतो ते नीट ऐकू येत नव्हतं, आणि तेच बरं झालं. मी तुझा कागद काढून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "हे वाचल्याबिगर मी हटत नाई." त्याच्यामागे एक तरुण डॉक्टरीण उभी होती, तिनं वाचला. मग धावपळ झाली. रक्त काढलं. थोड्या वेळानं तिनं मला ती नळी दाखवली. खाली लाल आणि वर दुधासारखं पांढरं. मी रोज सकाळी वाटीत घालत होते ते, दीक्षा.

ती म्हणाली, मावशी, हा कागद नसता तर आम्ही सकाळपर्यंत थांबलो असतो, आणि सकाळपर्यंत काय झालं असतं सांगता येत नाही.

मी जाईला झाकलं आणि घालवलं. हिलाही तसंच झाकत होते. तू मला काय म्हणायचं ते म्हण.

शालू


अमरावती
१४ जानेवारी २०२५

माझी शालूआत्या,
जय भीम.

काय म्हणायचं ते म्हणते, ऐक.

तू जाईआत्याला घालवलं नाहीस. तेव्हा आकोल्यातच काय, मोठमोठ्या शहरांतही हा आजार ओळखणारे डॉक्टर शोधावे लागले असते. लाडवांनी तू दीपमालाचं नुकसान केलंस हे खरं आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. ज्या कागदानं ती वाचली तो तू पंधरा दिवस छातीशी धरून फिरलीस, हेही तितकंच खरं आहे.

आता माझं. दवाखान्यात मी बोलले नाही ते तुझ्यावर रागावून नाही. मला स्वतःची लाज वाटली होती. दिवसभर मायक्रोस्कोपखाली पेशी बघणारी मी, आणि बहीण ऐन मे महिन्यात गळ्याला ओढणी का गुंडाळते हे मला दिसलं नाही. माप कसं घेतलं, कशाचं घेतलं, हे न विचारता आकडा खरा मानला. प्रयोगशाळेत असं पिंकीनं केलं असतं तर मी तिला धारेवर धरलं असतं. घरात दोन बायका एकाच दुखण्यानं गेलेल्या माहीत असताना मी लिहिलं, "लाडू खुशाल चालू ठेव." ते वाक्य माझं आहे, आत्या. ते तुझ्या नावावर टाकू नकोस.

पुढचं. जीन तपासणीचं रक्त पाठवलंय, त्याला वेळ लागेल, पण डॉक्टरांना शंका उरलेली नाही. गोळ्या चालू आहेत, साखर उतरते आहे. दीपमालाशी मी रोज बोलते. ती तुझ्यापेक्षा खमकी आहे. मला म्हणाली, "तेरा वर्षं मले वाटलं मी खातच कमी. आता समजलं का मायी काई चूक नोती." आणि मग ती जी रडली ना, ते मी कधी ऐकलं नव्हतं.

अश्विनला ती स्वतः सांगणार आहे. तू मध्ये पडायचं नाहीस. कापूस घालून ड्रेस शिवायचा नाहीस.

मी अभ्यासातून आपल्या घरची पानं काढून टाकली, त्या आकड्यांवर भरवसा नाही. पण मला सांग, कापूस आणखी कुणाकुणाच्या नशिबी आहे?

तुझीच,
दीक्षा


अकोला
२० फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षा,
आशीर्वाद आणि जय भीम.

तू लग्नातून रात्रीच्या गाडीनं गेलीस, तुझ्या त्या बश्या भुकेल्या होत्या म्हणून. मागचं सगळं तुला सांगायचं राहिलं.

कापसाच्या बायका एकूण अकरा निघाल्या. मी एकेकीच्या घरी गेले. नऊ जणी नुसत्या किरकोळ आहेत, त्यांना काही नाही. दोघींची मान जड, पाय रिकामे. एक भांडली, म्हणाली, "माप घेता तं माप घ्या, डॉक्टरकी नोका करू." मी ओट्यावरून उठलेच नाही. शेवटी रक्त द्यायला गेली. दुसरी स्वतःहून गेली. दोघींचे कागद तुला पाठवते.

अश्विनला दीपमालानं मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाठून सांगितलं, सगळे रिपोर्ट पुढे ठेवून. त्यानं एकच विचारलं, "लेकराईले होईन काय?" ती म्हणाली, अर्धी शक्यता आहे, पण आपल्याला आधीपासून माहीत असेल. तो उठला, बसमध्ये बसला आणि निघून गेला. चार दिवस फोन नाही. मी मशीनवर बसायचे आणि धागा ओवता यायचा नाही.

पाचव्या दिवशी बापाला घेऊन आला. पुंजाजी ओट्यावर चढले आणि मला ऐकू येत नाही म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "शालूबाई, आमच्या घरी मले शुगर, माया भावाले शुगर, हिच्या सासूले बीपी. तुमच्या पोरीचा तं कागद तरी हाये. आमच्याईत कोनाचा हाये?" अश्विन मागे उभा होता. त्यानं चार दिवस अमरावतीला फेऱ्या मारून एका डॉक्टरला प्रश्न विचारले, हे मला नंतर कळलं. तू त्याला भेटलीस हे तू मला सांगितलं नाहीस. बरं केलंस.

मग दीपमाला दुकानात आली, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "माय, आता अंगाचं माप घे." तेरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या अंगाचा आकडा वहीत जाणार होता. मी आकडा बोलले, तिनं स्वतः वहीत लिहिला. सीट तेहतीस. लग्नाच्या पांढऱ्या साडीखालचा परकर त्याच मापानं शिवला, आत काही घातलं नाही. साडी त्यावर किती छान बसली होती ते तू पाहिलंसच. मांडवात एकीनं मला खोदून विचारलं, "पोरगी दुखण्यात बारीक झाली वाट्टे?" मी म्हटलं, "झाली नाई. होतीच तशी." तिच्या पानात साधं वरण आणि भाकरी वाढली ती मैनाबाईंनी, तूप वाढणाऱ्याला हातानं अडवून.

काल जुनी वही काढली. तू आपल्या घरची पानं काढून टाकलीस ते बरोबर आहे, पण दीपमालाचं आता खरं आहे, ते परत घे. आणि एक आणखी घे. १९९२ सालचं पान उघडलं, जाईचं सदतीस खोडलं आणि बाजूला खरं लिहिलं. तू विचारशील, इतक्या वर्षांनी मला कसं आठवतं. कापूस किती घालायचा हे ठरवायला आधी अंग मोजावं लागतं, दीक्षा. जाई त्या दिवशी हात वर करून उभी होती, हसत होती, म्हणत होती, "आवर ना शालू, गुदगुल्या होऊन राहिल्या."

एकतीस.

तुझी आत्या,
शालू